ब्राउन्स्टन ते फॉक्सटन : एका दिवसाचा बेत कसा आखावा

पुण्याहून येणाऱ्या सत्तरीतल्या आईवडिलांना नॅरोबोटीने, म्हणजे इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर चालणाऱ्या लांबट नावेने, फिरवायचे आहे. सकाळी ब्राउन्स्टनहून निघून फॉक्सटनची प्रसिद्ध दहा लॉक (नाव वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी, दोन्हीकडे दरवाजे असलेली पाण्याची कुंडे) पाहायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे, हे जमेल का, असे आपण विचारले आहे. हा बेत जमणार नाही, आणि आईवडील सोबत असताना तो करूनही पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कालव्यावर एका मैलाला आणि एका लॉकला प्रत्येकी साधारण वीस मिनिटे धरण्याची पद्धत आहे. ब्राउन्स्टनपासून फॉक्सटनच्या माथ्यापर्यंत सुमारे २५ मैल होतात आणि वाटेत ब्राउन्स्टनची सहा व वॉटफर्डची सात लॉक लागतात. म्हणजे केवळ जाण्यासच बारा तासांहून अधिक वेळ लागेल. वेगमर्यादा ताशी ४ मैल असली तरी प्रत्यक्षात नाव ३ मैलांच्या आसपासच चालते आणि काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना तर इंजिन अगदी मंद ठेवावे लागते, कारण आपल्या लाटेने त्यांचे दोर ताणले जातात आणि खुंट्या उपटून येतात.

त्याऐवजी ब्राउन्स्टनहून पश्चिमेला नॅप्टन जंक्शनकडे जावे. हा सुमारे ५ मैलांचा टप्पा मूळचा ऑक्सफर्ड कालव्याचा असून त्यात एकही लॉक नाही. १७६९ मध्ये काम सुरू झालेल्या या कालव्याची आखणी करताना अभियंता जेम्स ब्रिंडलीने टेकड्या फोडण्यापेक्षा त्यांना वळसा घालून पाण्याची एकच पातळी राखणे पसंत केले, आणि म्हणूनच ही वाट इतकी नागमोडी आहे. ब्राउन्स्टनच्या तिठ्यावर टोपाथचे, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेचे, दोन ओतीव लोखंडी पूल जोडीने उभे आहेत. पुढे दोन्ही बाजूंच्या कुरणांत मध्ययुगीन नांगरटीचे उंचवटे आजही दिसतात आणि नॅप्टनच्या टेकडीवरची पवनचक्की वळणागणिक कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसत राहते. आईवडिलांना पाय मोकळे करावेसे वाटले तर त्यांना एखाद्या पुलाशी उतरवावे. टोपाथवरून ते नावेच्या बरोबरीने आरामात चालू शकतील. नाव कोठे वळवायची, हे मात्र निघण्यापूर्वीच नाव देणाऱ्यांना विचारून घ्यावे, कारण कालवा बहुतेक ठिकाणी नावेच्या लांबीपेक्षा अरुंद असतो.

सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, ज्या बाजूला ढकलावा त्याच्या उलट बाजूला नाव वळते, हे अर्ध्या तासात हाताला कळते. अधिक वेळ लागतो तो नाव आपल्या मध्याभोवती फिरते हे अंगवळणी पडायला : पुढचे टोक डावीकडे गेले की आपण उभे असतो ती मागची बाजू उजव्या काठाकडे सरकते. समोरून नाव आली तर आपण उजवीकडे राहायचे, परंतु फार आधीपासून काठाला चिकटू नये, कारण काठाजवळ गाळ असतो आणि नाव रुतते.

लॉक पाहण्याची हौस पायी फिरूनही भागवता येईल. एका दिवसासाठी नाव देणारे अनेक जण लॉकमधून जाण्याची परवानगी देत नाहीत. पण ब्राउन्स्टनची सहा लॉक टोपाथवरूनच पाहता येतात आणि विचारल्यास नावाडी दरवाजा ढकलायला आनंदाने बोलावतात. तेथे उतरणारी नाव लक्षपूर्वक पाहावी. पाणी ओसरू लागले की वरच्या दरवाजाखालचा दगडी उंबरठा हळूहळू उघडा पडतो; नावेची मागची बाजू त्यावर राहिली तर ती तेथेच अडकते, पुढची बाजू पाण्याबरोबर खाली जाते आणि काही मिनिटांत नाव बुडू शकते. म्हणून भिंतीवर पांढरी खूण रंगवलेली असते आणि चालवणारा संपूर्ण वेळ नाव तिच्या पुढे ठेवतो. पुढे कधी आपण स्वतः लॉकमधून गेलात, तर पॅडल (पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) उघडणाऱ्याने विंडलास, म्हणजे ती फिरवण्याचा हातदांडा, हातात धरून नजर नावेवरच ठेवावी आणि कोणी ओरडताच पॅडल खाली करावे.

फॉक्सटनला दुसऱ्या दिवशी मोटारीने जावे. १८१४ पासून वापरात असलेल्या या लॉकच्या, एकाला एक लागून असलेल्या पाच-पाच टप्प्यांच्या दोन जिन्यांमधून नावा ७५ फूट चढतात-उतरतात. तेथील पॅडल लाल व पांढऱ्या रंगांची असून आधी लाल, मग पांढरे असाच क्रम आहे : लाल पॅडलने बाजूच्या तलावातले पाणी खालच्या लॉकमध्ये येते आणि पांढऱ्याने वरच्या लॉकमधले पाणी त्या तलावात उतरते. आईवडिलांना हे सारे काठावर उभे राहून, अगदी जवळून पाहता येईल.