एल-आर्जिनीन घेतल्याने रक्तदाब आणि हृदयाला खरंच फायदा होतो का?

रक्तदाबाला थोडा होतो, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी मात्र हात लावू नये.

आर्जिनीन हे प्रथिनांत असणारं एक अमिनो आम्ल. त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. २०११ मध्ये ११ चाचण्यांचे (३८७ जण, रोज ४ ते २४ ग्रॅम) निकाल एकत्र तपासले गेले, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी ५.४ आणि खालचा २.७ अंकांनी उतरलेला दिसला. चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या होत्या, म्हणून एवढ्यावर रक्तदाबाची गोळी बंद करणं चूकच.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना ३ ग्रॅम दिवसातून तीनदा, सहा महिने देण्याचं ठरलं होतं. हृदयाची ताकद वाढली नाही, रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही कमी झाला नाही. उलट आर्जिनीन घेणाऱ्यांत ६ मृत्यू, दुसऱ्या गटात शून्य. चाचणी थांबवावी लागली. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले.

तोंडाने घेतलेल्या आर्जिनीनचा बराच भाग आतडं आणि यकृतातच मोडतो. सिट्रुलीन हे दुसरं अमिनो आम्ल त्यातून सुटतं आणि पुढे मूत्रपिंडात त्याचं आर्जिनीन होतं. एका वेळी ९ ग्रॅमच्या वर गेलात तर मळमळ, जुलाब होऊ शकतात.

नायट्रेट (छातीदुखीवरचं औषध), सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ३ ग्रॅम आर्जिनीन असतंच.