भिशी उचलून वर्षाचं धान्य भरायचं का?

ताई, तुमचा मेसेज मी दोनदा वाचला, एकदा दुपारी घाईत आणि एकदा रात्री जेवण झाल्यावर कागद-पेन घेऊन, कारण तुम्ही आकडे इतके नीट दिलेत की नुसतं "काटकसर करा" म्हणून उत्तर देणं बरोबर नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतात. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, पगार २३,०००, ताई घरी ब्लाउज शिवतात त्याचे साधारण ५,०००. घरात सासूबाई आणि दोन मुलं, म्हणजे खाणारी पाच तोंडं. घरभाडं ५,०००. किराणा दोन वर्षांपूर्वी साडेसहा हजारात व्हायचा तो आता ९,२०० ला गेलाय, दूध-भाजी वेगळी. कोपऱ्यावरच्या दुकानात उधारीची वही आहे, पगार झाला की सात-आठ हजार भरायचे आणि उरलेलं पुढच्या महिन्यावर, असं करत करत बाकी १४,००० झालीये. महिन्याला १,५०० ची एसआयपी (म्युच्युअल फंडातला हप्ता), पोस्टात १,००० ची आरडी म्हणजे आवर्ती ठेव (२६ हप्ते झालेत) आणि गल्लीतली २,००० ची बोलीची भिशी (जो कमी रकमेवर राजी होतो तो त्या महिन्याची जमा उचलतो), वीस जणांची, सातवा महिना चालूये. आता त्यांच्या मनात असं आहे की एसआयपी बंद करायची, भिशी ३३,००० ला बोली लावून उचलायची आणि ज्वारी, गहू, तूरडाळ वर्षाची भरून टाकायची, सोबत तेलाचे चार डबे पण, म्हणजे महागाईचं टेन्शन वर्षभर संपलं.

कल्पना चुकीची नाही हो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आले, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की नवीन तूरडाळ, मग ज्वारी, मग गहू, उन्हाळ्यात पत्र्यावर वाळवण. पण त्यांच्याकडे सुगीचा पैसा किंवा साठवलेला पैसा असायचा, बोलीचा नव्हता. इथेच माझं तुमच्याशी जमत नाहीये.

तुम्हीच दिलेल्या भावाने हिशोब करू. ज्वारी महिन्याला १५ किलो, वर्षाला १८०. दुकानात ४८, शेतकऱ्याकडून थेट ३९, किलोमागे ९ वाचले, झाले १,६२०. गहू १४४ किलो, ३८ आणि ३२, सहा रुपयाने ८६४. तूरडाळ ४८ किलो, १४० आणि ११८, बावीस रुपयाने १,०५६. सगळं मिळून ३,५४०. आणि हे एकही दाणा किडला नाही, टेम्पोचं भाडं लागलं नाही असं धरून. आता भिशीकडे या. ४०,००० ची भिशी ३३,००० ला उचलायची म्हणजे ७,००० तुम्ही सोडून देणार, ते बाकीच्या मेंबरांत वाटले जाणार. साडेतीन हजार वाचवायला सात हजार सोडायचे. रात्री हा आकडा मी परत परत तपासला, चूक नाहीये. वर अजून एक, तिन्ही धान्याचे मिळून सतरा हजार तीनशेच होतात, म्हणजे ३३,००० ची गरजच नव्हती, उरलेला पैसा तेल, साखर, शेंगदाणे आणि "आलेत हातात तर" यात गेला असता, दरवर्षी अशी दोन-चार तरी घरं मी बघतो.

तेलाचं तर नक्कीच नको. ज्वारीचा भाव आपल्या जिल्ह्यात पाऊस कसा झाला यावर बराचसा ठरतो, तेलाचं तसं नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल बरंचसं रशिया-युक्रेनकडून. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने आयात शुल्क एकदम वाढवलं तेव्हा ऐन सणाच्या तोंडावर भाव चढले, मग ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. असला निर्णय एका रात्रीत होतो, तुम्ही चार डबे भरून बसलात आणि महिन्याने भाव उतरला तर काय करणार. आणि फोडलेला डबा सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली खवट होतो ते वेगळंच. महिन्याचं महिन्याला घ्या, फक्त डबा घेताना १५ किलोचा आहे का १५ लिटरचा ते वाचा, कारण एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या जरा वर तेल असतं आणि दोन्ही डबे लांबून सारखेच दिसतात. पाकिटांचंही तेच, एक लिटरच्या शेजारी ८०० आणि ८५० ग्रॅमची पाकिटं ठेवलेली असतात. पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलीमागे किती पैसे पडतात ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेवढंच बघायची सवय लावा.

आता मला ज्या गोष्टीची खरी काळजी वाटली ती तुम्ही मेसेजच्या शेवटी एका ओळीत लिहून सोडून दिलीये. तुम्ही म्हणता की बहिणीबरोबर एकदा मधल्या मारुतीच्या बाजारात गेले होते, तिथे तीच यादी रोखीत ८,३५० ला बसली, पण "दुकानदार व्याज लावत नाही म्हणून आम्ही वहीवरच घेतो". ताई, व्याज लावतोय. वहीत लिहीत नाही एवढंच. ९,२०० आणि ८,३५० मधले ८५० रुपये महिन्याला, हे त्या १४,००० चं व्याजच आहे. रिक्षाभाडं, एकदम जास्त घेण्याचा मोह, सगळं वजा करून मी ८५० चे ६०० धरतो. तरी वर्षाला ७,२०० झाले, १४,००० वर ७,२००! शंभराला पन्नासच्या वर. घरातलं सगळ्यात महाग कर्ज हे आहे आणि याला तुम्ही कर्ज म्हणतच नाही.

दुकानदाराला मी वाईट म्हणत नाहीये, हे मनापासून सांगतो. त्याचाही पैसा अडकतो, त्यालाही होलसेलवाल्याला द्यावे लागतात, दहा घरातलं एक बुडवतं ते बाकी नऊ घरांच्या भावात येतं. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद होते तेव्हा वही चालू ठेवणाऱ्या दुकानदारांनीच कितीतरी घरं जगवली, तुमच्यासाठीही त्याने केलंय असं तुम्ही लिहिलंत. माझी आई विड्या वळायची, मजुरी हातात पडली की आधी दुकानाची बाकी आणि मग पुढचा माल, आणि बाकी राहिली की त्या आठवड्यात आई दुकानासमोरून जायची नाही, लांबच्या बोळातून जायची. म्हणून मला कळतं की बाकी असताना दुसऱ्या दुकानाची पिशवी घेऊन त्याच्या समोरून जायला किती जड वाटतं. त्या संकोचाचेच तुम्ही महिन्याला सहाशे भरताय.

तर माझ्या मते पहिला पैसा धान्याला नाही, वहीला. आणि तो भिशीतून नाही, पोस्टातून. आरडीचे १२ हप्ते झाले की जमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या व्याजदरापेक्षा २ टक्के जास्त दराने. आरडीचा दर ६.७ धरला तर कर्ज ८.७ ने पडेल. तुमचे २६ हप्ते भरलेत, १२,००० सहज बसतात. हे एकरकमी फेडता येतं, तेरा महिन्यांनी, भिशी संपल्यावर फेडलं तरी व्याज साडेअकराशेच्या आत. आरडी मोडू नका, तीन वर्षं व्हायच्या आत ती मोडताही येत नाही, हप्ते चालू ठेवा.

कमी पडणाऱ्या दोन हजारांसाठी एसआयपी थांबवा, पण बंद करू नका, दोन्हीत फरक आहे. तीन महिन्यांसाठी पॉज करायची सोय बऱ्याच फंडांत असते, ॲपमधून किंवा तुमच्या एजंटला सांगून होते. फक्त खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता चुकवू नका, फंडवाले दंड लावत नाहीत पण बँक बाउन्सचे पैसे कापते आणि ते दीड हजाराच्या हप्त्याला फार बोचतात. फेब्रुवारीचे दीड हजार आणि शिलाईतले पाचशे घालून वही पूर्ण कोरी करा, दुकानदाराकडून "बाकी निरंक" असं त्याच्याच हाताने लिहून घ्या. आणि त्याच्याकडे जाणं तोडू नका, दूधपावडर, ब्रेड, अचानक लागणारं काहीबाही त्याच्याकडूनच घ्या, रोखीत. उद्या परत वाईट दिवस आले तर दार उघडं असावं.

मार्च-एप्रिलच्या एसआयपीचे तीन हजार आणि रोख खरेदीतून महिन्याला वाचणारे सहाशे, यातून ज्वारी घ्या. १८० किलो नाही, पन्नास किलोची दोन पोती, एक मार्चमध्ये आणि एक एप्रिलमध्ये. पोतं १,९५० ला पडतं, बसतं की नाही बघा. ज्वारीच का, तर तुमच्या घरात रोज दोन्ही वेळ भाकरी आहे, फरक किलोमागे नऊ रुपये आहे आणि माल आपल्या जिल्ह्यातलाच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून कुठल्याही पोत्यावर मंगळवेढा लिहितात, म्हणून नावाला जास्तीचे पाच रुपये देऊ नका, मूठभर घेऊन भाकरी करून बघा, मग पोतं उचला. तूरडाळ तीन-तीन महिन्यांची घ्या, सुटी. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. गव्हाचा फरक सहा रुपयेच, आणि दोन खोल्यांत तीन क्विंटल माल ठेवणार कुठे, गहू यावर्षी राहू दे.

साठवणीबद्दल एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. ज्वारीला दोन-तीन कडक उन्हं द्या, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा, गरम भरली की घाम सुटतो आणि किडा लागतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला, बिब्बे, डाळीला एरंडेल, एवढं पुरतं. बाजारात धान्यात टाकायच्या गोळ्या मिळतात, त्यातून विषारी वायू निघतो, त्या गोदामासाठी असतात, माणसं झोपतात त्या खोलीसाठी नाहीत. तुमच्याकडे सासूबाई आणि मुलं त्याच खोलीत झोपतात असं तुम्ही लिहिलंय. शंभर किलो ज्वारी सगळी किडली तरी चार हजाराच्या आतलं नुकसान आहे, पण त्या गोळ्या घरात आणू नका, कोणी फुकट दिल्या तरी.

बाकी बारीकसारीक. मुलांच्या दहा रुपयांच्या पुड्या, दोघांच्या रोज दोन म्हणजे महिन्याला सहाशेच्या घरात, आणि किंमत दहाच राहते पण आतलं वजन वर्षावर्षाला कमी होतंय. एकदम बंद केलं तर घरात भांडण होईल, आठवड्यातून दोन दिवस ठेवा, बाकी दिवस गूळ-शेंगदाणे, मुरमुऱ्याचा चिवडा. शेंगा चटणी मात्र कमी करू नका, भाकरीबरोबर पोटभर आणि सकस असं स्वस्तात दुसरं काय आहे. साबण, पेस्ट, शाम्पू, बिस्किटं यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुन्या भावाने कोणी लावत असेल तर विचारा.

रेशनचं तुम्ही विचारलंत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मोफत मिळतं हे खरं, पण शहरात त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, तुमचं घर त्यात बसत नाही. कमी उत्पन्नाचा दाखला "करून देतो" म्हणणारा भेटेल, त्याच्या नादी लागू नका, उद्या वसुली निघाली तर याच किराण्याच्या पैशातून जाईल.

भिशी तशीच चालू ठेवा, बोली न लावता शेवटपर्यंत थांबा. थांबणाऱ्याला दुसऱ्यांच्या बोलीचा वाटा मिळत राहतो आणि शेवटी जवळपास पूर्ण रक्कम हातात येते. त्यातून पोस्टाचं कर्ज फेडायचं आणि उरलेले सव्वीस-सत्तावीस हजार बँकेत वेगळे, दवाखान्यासाठी, कारण तुमच्या सगळ्या यादीत आजारपणाला एक रुपया बाजूला नाहीये आणि सासूबाईंचं वय तुम्ही ७१ सांगितलंय. पण गल्लीतली भिशी नोंदणी केलेली नसते, कोणी मध्येच सोडून गेलं तर हातात कागद नसतो, म्हणून त्या पैशावर पूर्ण भरवसा ठेवू नका. मे पासून महिन्याच्या त्या सहाशेतले पाचशे कर्जासाठी बाजूला टाकत राहा आणि एसआयपी परत चालू करा, मुलीच्या कॉलेजला आता चारच वर्षं आहेत.

पोस्टात जाताना आरडीचं पासबुक, आधार आणि पॅन घेऊन जा, आणि शक्यतो मिस्टरांना पगाराच्या दिवशीच सोबत न्या, म्हणजे कर्जाचे १२,००० आणि वरचे २,००० एकाच दिवशी दुकानात जातील, मध्ये एक रात्रसुद्धा घरात राहायला नकोत.