कोलंबसला येतोयस? मग हे ऐक

आधी तिकीट नीट बघ. आपलं कोलंबस अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं. ओहायोतलं वेगळं, अवाढव्य. इथली वस्ती २०२० च्या जनगणनेत ५०,४७४. कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्यालय इथे आणि कारखाने पुण्यातही, त्यामुळे पुण्याची माणसं भेटतीलच.

रस्ते सोपे आहेत. नंबरवाले पूर्व-पश्चिम, आकडा उत्तरेकडे वाढत जातो. वॉशिंग्टन स्ट्रीट त्यांना छेदत दक्षिणोत्तर. आय-६५ हा महामार्ग गावाच्या पश्चिमेला.

घर मात्र घाईने घेऊ नकोस. ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या नद्यांचा संगम इथेच, शिवाय पूर्वेकडून हॉ क्रीक. नावाला ओढा, पण जून २००८ च्या पुरात इथलं हॉस्पिटलसुद्धा रिकामं करावं लागलं होतं. पूररेषेचा नकाशा बघ, मगच भाड्याचं बोल. आणि पहिल्या रविवारी पाचव्या रस्त्यावर चक्कर मार: नामांकित वास्तुकार आय. एम. पेईंची लायब्ररी, समोर तितक्याच नामांकित एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च. एवढ्याशा गावात!