व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये फॉन्टची यादी कुठे आहे? मराठी नीट दिसत नाही.

यादी शोधू नका, ती नाहीच. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा, ‘फॉन्ट फॅमिली’ शोधा. नाव हातानेच टाइप करावं लागतं. स्पेलिंग चुकलं तर एडिटर चकार शब्द काढत नाही, गुपचूप पुढचा फॉन्ट लावतो. (इथेच माणूस डोकं धरून बसतो.) विंडोजवर तिथे आधीपासून कन्सोलास हा फॉन्ट असतो, त्यात देवनागरी नाही. त्याच्यानंतर स्वल्पविराम देऊन ‘निर्मला यूआय’ हे देवनागरी असलेल्या फॉन्टचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. नावात मोकळी जागा आहे, म्हणून एकेरी अवतरणचिन्हांत. आकारासाठी कंट्रोल-प्लस नको, त्याने मेनूसकट सगळंच फुगतं. ‘फॉन्ट साइझ’ १४ चा १६ करा. मात्रा-वेलांट्या वरच्या ओळीला चिकटत असतील तर ‘लाइन हाइट’ १.६ ठेवून बघा.