एरर येते म्हणून टाइमआउट वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की ॲपचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा) ३० सेकंद, एन्जिनएक्सचा (ॲप आणि सर्व्हरमधला मध्यस्थ) ६०, तरी मधूनच एरर येते आणि तीच नोंद नंतर डेटाबेसमध्ये दोनदा सापडते. आकडे आत्ताच वाढवू नका. आधी रिक्वेस्ट नेमकी कितव्या सेकंदाला तुटते ते बघा.

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगसाठी मी काटापावतीचं ॲप केलं होतं. हंगाम भरात, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि काट्यावरच्या पोराच्या फोनवर ‘पुन्हा प्रयत्न करा’. त्यानं पुन्हा दाबलं. संध्याकाळी हिशेबात एका कास्तकाराची एकच गाडी दोनदा चढलेली. पैशाचा मामला, मला रात्रभर झोप नाही.

एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये ४९९ हा कोड दिसला. म्हणजे उत्तर यायच्या आत क्लायंटनंच कनेक्शन सोडलं. ॲपमध्ये ओकेएचटीटीपी ही रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी होती, तिचा रीड टाइमआउट मुळातच १० सेकंदांचा. सर्व्हरला १४ लागत होते. फोननं वाट पाहणं सोडलं, सर्व्हर काम करत राहिला, नोंद झालीच. तुमच्याकडे बहुधा हेच ३० सेकंदांवर होतंय. मात्र मागे गनिकॉर्न (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर) असेल तर त्याचाही डिफॉल्ट ३०च आहे, तेही तपासा. ६० ला तुटून ५०४ (मागून वेळेत उत्तर आलं नाही) आला तर कारण एन्जिनएक्सचा प्रॉक्सी_रीड_टाइमआउट. तो पूर्ण उत्तराचा नसतो, दोन वाचनांमध्ये सर्व्हर किती वेळ गप्प राहिला त्याचा असतो.

आतला टाइमआउट कमी, बाहेरचा जास्त ठेवा: डेटाबेसची क्वेरी ८, सर्व्हर १५, एन्जिनएक्स २०, ॲप २५, असं काहीतरी. तुमच्याकडे ते उलटं आहे.

दुबार नोंद मात्र यानं पूर्ण थांबणार नाही, कारण खेड्यात रेंज मध्येच जाते. कनेक्टच झालं नाही तर पुन्हा पाठवणं सुरक्षित. रीड टाइमआउट झाला तर नोंद झाली की नाही हे फोनला कळतच नाही. म्हणून पावतीचा यूयूआयडी (प्रत्येक पावतीचा वेगळा ओळख नंबर) मी फोनवरच बनवला, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक (तोच नंबर दोनदा चढू न देणारी अट) लावलं. तोच नंबर दुसऱ्यांदा आला की जुनीच पावती परत जाते.

आणि ते १४ सेकंद? पावतीबरोबर एसएमएस त्याच रिक्वेस्टमध्ये जात होता. तो क्यूमध्ये, म्हणजे मागाहून पाठवायच्या रांगेत टाकला.

एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये रिक्वेस्ट_टाइम (एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम (मागच्या सर्व्हरला लागलेला वेळ) दोन्ही घ्या, मुळात ते नसतात. पहिला मोठा नि दुसरा छोटा असेल तर सर्व्हरला हात लावू नका, वेळ नेटवर्कमध्ये जातोय.