पीयूसीतलं पोरगं आणि रात्रीचा गेम

“मॅडम, पोरगं रात्रभर गेम खेळूलाय बघा. व्यसनच लागलं म्हणायचं की आता. लॅपटॉप काढून घेऊ काय?”

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले आई-वडील समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न सतत विचारतात. मूल दहावी होऊन पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, गेलं आणि पहिल्या चाचणीचे मार्क हातात आले की जास्तच. त्यातल्या एका घराची गोष्ट त्या घराच्या परवानगीनं सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर येळ्ळूरच्या बाजूचं. वडील उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर, आई घरी शिवणकाम करते. मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत, कायम पहिल्या तिघांत. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, नव्वदच्या वर टक्के पडले, हौसेनं सायन्स घेतलं, बसनं टिळकवाडीला कॉलेजला जाऊ लागला. गणपतीत पुण्याचा आतेभाऊ आला, त्यानं आपला जुना लॅपटॉप सीईटीच्या अभ्यासाला म्हणून दिला. त्यात एक जुना गेमही होता. दिवाळीपर्यंत रात्री तीनला झोप, सकाळची बस चुकलेली, हजेरी कमी पडल्याचा कॉलेजातून फोन, असं सगळं सुरू झालं. वडिलांनी चार्जर काढून कपाटात कुलूप लावून ठेवला. मुलानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तेव्हा आई त्याला घेऊन आली.

आईला मी आधी एवढंच विचारलं, कुठला गेम आहे? तिला माहीत नव्हतं. “बंदुका असतात त्यात. आणि पैसे जातात काय मॅडम? आमच्या गल्लीतल्या एकानं रमीत लय घालवले.” तिची भीती अगदी खरी होती, पण दोन वेगळ्या गोष्टी तिच्या मनात एक झाल्या होत्या. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ म्हणजे जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला. मित्रांची टोळी जमवून मोबाइलवर खेळायच्या लढाया हा दुसरा प्रकार. त्यात डाव अर्ध्यात सोडला तर सोबतचे चिडतात, क्रमांक घसरतो, म्हणून मूल “पाच मिनिटं थांब” म्हणत तासभर उठत नाही. तिसरा प्रकार एकट्यानं खेळायच्या, गोष्टीसारख्या उलगडत जाणाऱ्या गेमचा. तिन्हींना एकच औषध चालत नाही. म्हणून गेमचं नाव आणि तो खेळायची रीत समजल्याशिवाय मी पुढं जात नाही.

मुलाला एकट्याला आत घेतलं. मान खाली, बोटं बॅगेच्या चेनशी खेळत होती. मार्कांवर भाषण ऐकायच्या तयारीनं आला होता. मी म्हटलं, “मला तुझा गेम सांग. सुरुवात कुठून होते?” त्यानं मान वर करून बघितलं, मग बॅगेतून एक वही काढली. वर केमिस्ट्री असं लिहिलेलं. पहिल्या चार पानांत खरंच केमिस्ट्री होती. पाचव्या पानापासून पेन्सिलीनं काढलेला नकाशा, गावांची नावं, कोण कुठं भेटतो, कुणाला काय विचारायचं आणि कडेला उरलेले दिवस.

गेम होता फॉलआउट. १९९७ मध्ये इंटरप्लेनं काढलेला, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालणारा. २०७७ मध्ये अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झालेलं आहे आणि काही माणसं जमिनीखालच्या व्हॉल्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. २१६१ साली तेरा नंबरच्या व्हॉल्टमधली पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप जळते. खेळणाऱ्याला कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाठवतात. दुसरी चिप आणायला १५० दिवस. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला दिवस खर्च होतात आणि मुदत संपली की आतली माणसं पाण्यावाचून मरतात. “पहिल्या वेळी माझी मेलीच मॅडम,” तो म्हणाला. “मग कळलं, हब नावाच्या गावातल्या पाणीवाल्यांना पैसे दिले की ते व्हॉल्टला पाणी पोचवतात. शंभर दिवस वाढून मिळतात.”

आता तो खुर्चीत पुढं सरकून बसला होता. खेळ सुरू करताना आपला माणूस आपणच घडवायचा असतो. ताकद, नजर, चिवटपणा, लोकांवरची छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब असे सात गुण, आणि त्यांत वाटायला ठरावीक पॉइंट. याला दे तर त्याला कमी. मी विचारलं, “तुझा माणूस कसला?” “बोलण्यात हुशार. ताकद कमी ठेवली. बंदूक चालवायला लागू नये म्हणून.” शेवटी एक भयंकर शत्रू आहे, माणसांना बदलून नवी जात तयार करणारा. त्याच्याशी लढताही येतं, पण त्या जातीला मुलंच होऊ शकत नाहीत याचा पुरावा आधी शोधून आणला आणि त्याच्यासमोर नीट मांडला, तर तो स्वतःच हार मानतो. पुरावा कुठं मिळतो, कुठलं वाक्य आधी बोलायचं, कुठलं नंतर, हे त्यानं मला इंग्रजी वाक्यांसकट सांगितलं. कुठं अडखळला नाही.

मग आपणहून म्हणाला, “आतेभाऊ म्हणाला, एकदा बुद्धी दोनवर ठेवून खेळून बघ, मज्जा येते. ठेवली. मग आपल्या माणसाला बोलताच येत नाही, नुसतं हं, हूं करतो. लोक वैतागून हाकलतात. मी पाच मिनिटांत बंद केला.” थोडा वेळ गप्प बसला. “कॉलेजात मी तसाच आहे.”

जुलैमध्ये फिजिक्सच्या तासाला त्याला उभं केलं होतं. उत्तर त्याला येत होतं, मराठीत. इंग्रजीत वाक्य जुळेना. “आय... दॅट... सर...” एवढंच झालं आणि मागच्या बाकावरून हसू आलं. त्यानंतर तो मागं बसू लागला, मग अधूनमधून बसस्टँडवरच वेळ काढू लागला. घरी कुणालाच बोलला नाही. आमच्या भागात हे दरवर्षी घडतं. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेलं मूल जूनमध्ये एकदम इंग्रजी पुस्तकापुढं बसतं. शेजारचा इंग्रजी माध्यमातला असतो, बाहेर दुकानात, ऑफिसात कन्नड लागतं, आणि नव्वद टक्क्यांचं पोर महिन्याभरात स्वतःला ढ समजू लागतं. गेममध्ये हेच इंग्रजी त्याला भेटत होतं, पण लिहिलेलं. तीन-चार उत्तरं समोर येतात, डिक्शनरी उघडून शांतपणे वाचायला वेळ असतो, उत्तर चुकलं तर मागच्या सेव्हवर जाऊन परत बोलता येतं. हसायला कोणी नसतं. रात्री तीनपर्यंत तो बहुतेक वेळ गेममधल्या माणसांशी बोलत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर आहे, ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो वाढत जाणं, आणि हे साधारण १२ महिने टिकून घर, शिक्षण, नाती यांची गंभीर हानी होणं, असं सगळं मिळून निदान होतं. ते मानसोपचारतज्ज्ञानं करायचं. या मुलाची झोप आणि हजेरी गेली होती, ते मी हलकं घेतलं नाही. पण रविवारी तो गल्लीत कबड्डी खेळत होता, काकाबरोबर शेतात जात होता. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो क्रम. आईला विचारलं, कॉलेजातल्या गोष्टी सांगायचं त्यानं कधी थांबवलं? ती बोटं मोजत आठवत बसली. “नागपंचमीच्या आधीच की.” लॅपटॉप गणपतीत आला होता. म्हणजे बिघडलं आधी, गेम आला नंतर. आई-वडिलांनी घरी बसून या दोन तारखा काढाव्यात, एवढं मी आता प्रत्येकाला सांगते. गेम आधी आणि बिघाड नंतर असेल तर माझं बोलणं वेगळं असतं.

चार्जर परत द्यायला सांगितलं, वडिलांच्या हातानं. लॅपटॉप झोपायच्या खोलीतून बाहेर सोप्यात आला. जेवणानंतर दहापर्यंत खेळायचं. एकट्याचा गेम असल्यामुळं “आता मध्येच कसं सोडू” ही सबब चालत नाही, सेव्ह केलं की उठता येतं, हे वडिलांना समजावलं. पहिले काही आठवडे मार्कांचा विषय घरात काढायचा नाही, फक्त झोप रुळावर आणायची.

कॉलेजसाठी आम्ही गेमचीच पद्धत घेतली. उद्याच्या तासाला बोलायची तीन वाक्यं आदल्या रात्री इंग्रजीत लिहायची, मोठ्यानं म्हणायची, चिठ्ठी खिशात ठेवायची. पहिली चिठ्ठी त्यानं माझ्यासमोर लिहिली: “सर, कॅन यू रिपीट द लास्ट स्टेप?” त्याच्या संमतीनं मी सरांना फोन केला. तो मराठी माध्यमातून आलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं. सर स्वतः कन्नड माध्यमात शिकलेले. म्हणाले, तास झाल्यावर थांबू दे त्याला, मराठीत विचारलं तरी चालेल, उत्तर मात्र दोघं मिळून इंग्रजीत करू. मला त्या फोननं फार बरं वाटलं.

वडिलांना मी एक काम दिलं होतं, एक संध्याकाळ शेजारी बसून गेम बघायचा. अमेरिकेत या गेमला १७ वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन आहे. त्यात रक्तपात आहे, नशेचे पदार्थ आहेत, आणि सोळा-सतरा वर्षांचं मूल ते पाहत असेल तर घरच्यांना माहीत हवं, त्यावर बोललं जावं. वडील बसले. जळलेल्या चिपचं ऐकून फिटर माणसानं पहिला प्रश्न केला, “एवढं मोठं प्लांट, आणि स्पेअर ठेवला नव्हता काय रे?” मुलगा खूश. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्याचं उत्तर आहे: तेरा नंबरच्या चिपा चुकून आठ नंबरच्या व्हॉल्टला गेल्या होत्या. “आमच्या स्टोअरमध्ये पण असंच करतात,” वडील म्हणाले. त्या रात्री बापलेक साडेदहापर्यंत बसले होते, वेळ मोडून, असं आईनं तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी काही बोलले नाही.

जानेवारीत पुन्हा दोन-चार रात्री जागरण झालं, प्रॅक्टिकल जवळ आल्यावर. आई घाबरून फोनवर रडली. या वेळी मुलानंच सांगितलं की तोंडी परीक्षेची भीती वाटते, आणि आम्ही चिठ्ठ्या वाढवल्या. वार्षिक परीक्षेत तो पास झाला, फिजिक्सला पन्नासच्या थोडं वर. दहावीच्या मानानं कमी, पण तासाला तो आता दुसऱ्या बाकावर बसतो. गेम शनिवार-रविवारी अजून चालू आहे, आणि तो बंद करावा असं मला वाटत नाही.

काही घरांत मात्र असं थांबून चालत नाही. मूल आंघोळ, जेवण, शाळा सोडून महिनोन्‌महिने खेळतंय, घरातले पैसे चोरतंय, अडवलं की अंगावर येतंय, किंवा मरणाची भाषा करतंय, तर समुपदेशकाच्या तारखेची वाट न बघता थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आपल्याला धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं इस्पितळ जवळ आहे. बेंगळूरच्या निम्हान्स या तशाच मोठ्या संस्थेत २०१४ पासून खास याच त्रासासाठी शट क्लिनिक चालतं. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायची वेळ आली तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालू असतो, भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे.