पूल गरम करायला एफडी मोडावी का?

प्रश्न: नाशिकला बंगल्यात आठ बाय चार मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल पूल आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाण्यात उतरवत नाही. गच्चीवर 32 चौरस मीटर सोलर कलेक्टर बसवायचं कोटेशन 3 लाख 60 हजारांचं आलंय. एफडी मोडू का? घराचा वीजवापर महिना 300 युनिट आहे.

उत्तर: इतक्यात मोडू नका. आधी बबल कव्हर, म्हणजे पाण्यावर पसरायचं बुडबुड्यांचं प्लास्टिक, घ्या.

तुमच्या पुलात 40 हजार लिटर पाणी आहे. ते एक अंशाने तापवायला, वीजबिलातल्या युनिटच्याच मापात, सुमारे 46 युनिट उष्णता लागते. उघड्या पुलाची पातळी दिवसाला 5 मिलिमीटर उतरली, तर 160 लिटर पाण्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर शंभरेक युनिट जातात. म्हणजे दोन अंशांहून जास्त. हिवाळ्यात चौरस मीटरला 5 युनिट ऊन आणि 60 टक्के कार्यक्षमता धरली, तर तुमचे कलेक्टर दिवसाला 96 युनिट देतील. कमाई सगळी वाफेतच! या हिवाळ्यात रोज संध्याकाळी कव्हर घाला आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवा. कदाचित तेवढ्यावरच भागेल.

नाही भागलं, तरी मी गच्ची कलेक्टरना देणार नाही. ते आठ महिने नुसते तापत पडतील, आणि 7 टक्के धरले तरी एफडीचं वर्षाला 25,200 रुपये व्याज बुडेल. तेवढ्याच जागेत 3 किलोवॉटचे वीज बनवणारे पॅनेल बसतात, ते वर्षाला चारेक हजार युनिट देतात आणि पीएम सूर्यघर योजनेत 78 हजारांचं अनुदान मिळतं. पाणी तापवणाऱ्या कलेक्टरना ते नाही. मात्र वीजजोडणी घरगुती हवी, पॅनेल देशी बनावटीचे हवेत आणि काम पोर्टलवर नोंदलेल्या व्हेंडरकडूनच करून घ्यायला हवं.

पूल तापवायला मग हीट पंप, म्हणजे विजेवर चालून हवेतली उष्णता पाण्यात सोडणारं यंत्र; म्हणून त्याला उष्णतेपेक्षा वीज बरीच कमी लागते. कव्हर असताना दिवसाला एक अंश भरून काढायचा, तर त्याला दहा-अकरा युनिट वीज लागेल. 120 दिवसांचे सुमारे 1,300 युनिट. तो दुपारी चालवा, गार हवेत त्याची कार्यक्षमता घसरते. नेट मीटरिंगचा, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज तुमच्या वापरातून वजा करण्याचा, हिशेब मार्चअखेरीस मिटतो आणि उरलेल्या युनिटना भाव कमी मिळतो, त्यामुळे एप्रिलपासून साठलेले युनिट थंडीत वापरणं सोयीचंच.

गच्ची दोन्हीला पुरण्याइतकी मोठी असेल, तर कलेक्टरचा विचार करायला हरकत नाही. तेव्हा व्हेंडरला विचारा: फिल्टरचा सध्याचा पंप गच्चीपर्यंत पाणी चढवेल का? नाही तर वेगळ्या पंपाचा आणि त्याच्या विजेचा खर्च कोटेशनमध्ये येऊ द्या. कलेक्टर पॉलिप्रॉपिलीनचे किंवा रबराचे हवेत. बाथरूमच्या सोलरचे तांब्याचे पाइप कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. क्लोरिनचं प्रमाण आणि पीएच बिघडला की तांबं झिजतं आणि टाइलवर हिरवट डाग पडतात. वाऱ्यासाठी अँकर ठोकताना गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटतं, म्हणून गळतीची हमी लेखी घ्या.